स्नोमोबाइलचे इंजिन थंड ठेवताना: आतला कूलंट आणि बाहेरचा बर्फ

बाहेरचे तापमान उणे वीस अंश सेल्सिअस असले तरी स्नोमोबाइलचे, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचे, इंजिन तापून निकामी होऊ शकते, ही गोष्ट ही गाडी नव्याने वापरणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला पटत नाही. मोटारीचा किंवा मोटारसायकलचा अनुभव गाठीशी असलेला माणूस असे गृहीत धरतो की, इतकी थंड हवा अंगावर घेत धावणाऱ्या गाडीला तापायचे काही कारणच नाही. पण द्रवाने थंड होणाऱ्या बहुतेक स्नोमोबाइलना मोटारीसारखा पुढे लावलेला मोठा रेडिएटर नसतो. त्यांचा कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, सीटखालच्या टनेलमध्ये, म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या पन्हाळीखाली ट्रॅक (गाडीला पुढे ढकलणारा रबरी पट्टा) फिरतो तिच्या आतल्या बाजूला बसवलेल्या चपट्या कूलरमधून फिरतो, आणि फिरणाऱ्या ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या कूलरवर आदळून वितळतो, तेव्हा इंजिनाची उष्णता बाहेर पडते. उडणारा बर्फ मिळाला नाही, तर कडाक्याच्या थंडीतही कूलंट तापतच राहतो.

म्हणून या गाडीची शीतन यंत्रणा मी नेहमी दोन वाटांची मिळून बनलेली मानतो. एक वाट आतली, म्हणजे पंप, सिलिंडर, हेड (सिलिंडरचे वरचे झाकण), थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप), होज (रबरी नळ्या) आणि कूलर यांतून फिरणाऱ्या कूलंटची. दुसरी बाहेरची, म्हणजे जमिनीवरून ट्रॅककडे, ट्रॅककडून टनेलकडे आणि वितळून पुन्हा जमिनीकडे जाणाऱ्या बर्फाची. देखभालीचे वेळापत्रक पाहिले तर त्यात बहुतेक सगळे पहिल्या वाटेविषयी असते, आणि मालकही तेवढेच करून थांबतात. दुसऱ्या वाटेकडे तितक्याच बारकाईने पाहिल्याशिवाय पहिल्या वाटेवर घेतलेले कष्ट पुरे पडत नाहीत, हे माझे ठाम मत आहे.

बर्फाची ही ताकद नेमकी किती आहे, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळण्यासाठी सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी जवळजवळ ८० अंशांनी तापते. समजा, मध्यम वेगाने चालताना इंजिनाकडून कूलंटला दर सेकंदाला २० किलोज्यूल उष्णता मिळत आहे. ती सगळी वाहून नेण्यासाठी सेकंदाला साधारण ६० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला साडेतीन किलोंच्या थोडा वर बर्फ कूलरवर वितळला की काम होते. तीच उष्णता हवेने न्यायची म्हटली, आणि कूलरवरून जाताना हवा तीस अंशांनी तापते असे धरले, तरी दर सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा लागेल. ट्रॅकने झाकलेल्या त्या अरुंद जागेत एवढी हवा खेळणे कठीण असते. त्यामुळे निर्मात्यांनी कूलर बर्फाच्या भरवशावर लहान, हलके आणि सपाट ठेवले, आणि भुसभुशीत बर्फात ते उत्तम काम करतात. अडचण येते ती बर्फ भुसभुशीत नसतो तेव्हा.

गोठलेल्या तळ्याचा पृष्ठभाग, रहदारीने घट्ट झालेली आणि रात्रीतून काचेसारखी कडक झालेली वाट, हंगामाच्या शेवटी दिवसा वितळून पुन्हा गोठलेला थर, या सगळ्या ठिकाणी बर्फ डोळ्यांना भरपूर दिसतो, पण ट्रॅकला तो सुटा मिळत नाही. अशा जागी आइस स्क्रॅचर हा माझ्या दृष्टीने गाडीतला सर्वांत किफायतशीर सुटा भाग ठरतो. सस्पेन्शनच्या रेलवर, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या ज्या दांड्यांवरून तो सरकतो त्यांवर, बसवलेली ही स्प्रिंगची किंवा तारेची बोटे कडक पृष्ठभाग खरवडत जातात आणि निघालेला चुरा ट्रॅकसोबत वर टनेलमध्ये व रेलच्या स्लाइडवर उडतो. स्लाइडचाही येथे संबंध आहे, कारण प्लॅस्टिकच्या त्या पट्ट्यांना याच बर्फाचे वंगण लागते. ते न मिळाल्यास त्या घर्षणाने तापून मऊ पडतात आणि ट्रॅकच्या क्लिपांना चिकटू लागतात. म्हणजे कडक वाटेवर स्लाइडला जळका वास येऊ लागला, तर तापमापीचा काटा वर चढण्याआधीच बर्फ पुरत नसल्याची सूचना मिळालेली असते.

स्क्रॅचरची देखभाल फार थोडी असते, पण ती टाळता येत नाही. टोके झिजून आखूड झाली की ती जमिनीवर नुसती घसरतात, म्हणून दोन्ही बाजूंची लांबी आणि दाब अधूनमधून ताडून पाहावा. जुन्या धाटणीचे ताठ स्क्रॅचर खाली सोडलेले असताना गाडी मागे घेतली तर ते वाकतात किंवा तुटतात, त्यामुळे रिव्हर्स घेण्यापूर्वी ते वर अडकवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मागे जाताना दुमडणारे लवचीक प्रकारही मिळतात, आणि वारंवार अरुंद जागेत वळावे लागणाऱ्याने तेच घ्यावेत. डांबरी रस्ता किंवा खडी ओलांडायची असेल तेव्हा मात्र कोणत्याही प्रकारचे स्क्रॅचर वर उचलणे बरे.

टनेलच्या मागच्या टोकाला लोंबणारा रबरी किंवा प्लॅस्टिकचा स्नो फ्लॅपही याच वाटेचा भाग आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मागच्या गाडीवर बर्फ व खडे उडू नयेत, हे त्याचे एक काम झाले. दुसरे काम असे की, ट्रॅकने मागे फेकलेला बर्फ तो अडवतो आणि टनेलमध्येच घोळवत ठेवतो, त्यामुळे मागच्या कूलरला पुरेसा बर्फ मिळतो. गाडी सुटसुटीत दिसावी म्हणून हा फ्लॅप कापणारे किंवा वर बांधणारे लोक मी पाहिले आहेत. नंतर तेच लोक गाडी पूर्वीपेक्षा लवकर का तापते, म्हणून थर्मोस्टॅट बदलत बसतात.

कूलरचा पृष्ठभाग स्वच्छ असावा, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण टनेलच्या आत सहसा कोणी डोकावत नाही. हंगामाच्या सुरुवातीला चिखल, पाने आणि ट्रॅकच्या रबराचा चुरा तेथे साठतो. कडाक्याच्या थंडीत संथ गाडी चालवली, तर थर्मोस्टॅट बराच वेळ बंद राहतो, कूलर गार राहतात आणि त्यांच्यावर अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठून त्याचा कडक थर जमतो. ॲल्युमिनियमच्या तुलनेत असा गोठलेला थर उष्णता जवळजवळ शंभर पटीने कमी वाहून नेतो. म्हणजे बर्फाने थंड होणाऱ्या कूलरवर बर्फाचेच आवरण बसते आणि नवा चुरा धातूपर्यंत पोहोचत नाही. हा थर लोखंडी पहारीने किंवा हातोड्याने फोडण्याच्या फंदात पडू नये, कारण कूलरची भिंत पातळ असते. गाडी उबदार शेडमध्ये काही तास उभी करून तो आपोआप सुटू द्यावा, आणि तशी सोय नसेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने जपून काढावा. हे करताना इंजिन बंद आणि किल्ली काढलेली असलीच पाहिजे. चालू ट्रॅकच्या जवळ हात नेण्याचे कोणतेही काम या गाडीत नाही.

ट्रॅकला धातूचे टोकदार स्टड लावलेले असतील, तर आणखी एक तपासणी वाढते. ट्रॅक सैल झाला की वेगाने फिरताना तो बाहेर फुगतो, त्याचे स्टड वरच्या कूलरला घासतात आणि कधी कधी सरळ भोक पाडतात. स्टडच्या लांबीला साजेशा संरक्षक पट्ट्या टनेलमध्ये आहेत की नाही, त्या झिजून कूलरच्या पातळीला आल्या आहेत का, आणि ट्रॅकचा ताण गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मापात आहे का, हे तिन्ही एकत्र पाहावे. कूलरवर ताजे चकचकीत ओरखडे दिसले, तर गळती सुरू होण्याची वाट पाहू नये.

आता आतली वाट. कूलंट म्हणून बहुतेक ठिकाणी एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण वापरतात. निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि साठ टक्के ग्लायकॉल घातले तर ही मर्यादा उणे ५० च्या आसपास जाते. यावरून ग्लायकॉल जितके जास्त तितके चांगले, असा समज होतो, तो चुकीचा आहे. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते, आणि पाण्याच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता निम्म्याच्या जरा वर असते. म्हणजे शुद्ध ग्लायकॉल भरलेली गाडी लवकर गोठेलही आणि लवकर तापेलही. पाणी डिस्टिल्डच असावे, कारण नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमच्या अरुंद मार्गांत साठतात आणि गंज वाढवतात. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ओळखण्याचा प्रयत्न करू नये. वेगवेगळे निर्माते एकाच रंगात वेगवेगळी रसायने विकतात, आणि दोन विजोड प्रकार मिसळले तर गंजरोधक द्रव्ये निष्प्रभ होतात किंवा चिकट गाळ तयार होतो. पुस्तिकेत सांगितलेला, ॲल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारा प्रकार एकदा ठरवावा आणि त्यालाच धरून राहावे.

मिश्रण डोळ्यांनी किंवा अंदाजाने न ठरवता रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून मिश्रणाचे प्रमाण सांगणाऱ्या उपकरणाने, मोजावे, हा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे. साडेचार लिटर कूलंट मावणाऱ्या गाडीची यंत्रणा आपण साध्या पाण्याने धुतली आणि निचरा केला, असे समजू. लांबलचक कूलरमध्ये, विशेषतः गाडी सपाट उभी असेल तर, दीड लिटर पाणी सहज मागे राहू शकते. त्यावर आपण बाजारातले तयार निम्मे-निम्मे मिश्रण तीन लिटर ओतले. बाटलीवर उणे ३७ लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात यंत्रणेत ग्लायकॉल एक तृतीयांशच उरते आणि ते मिश्रण उणे १८ च्या आसपास गोठू लागते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते, आणि एका थंड रात्रीत कूलरचा सांधा किंवा पंपाचे घर तडकायला तेवढे पुरेसे असते. म्हणून धुऊन झाल्यावर शक्यतो शुद्ध ग्लायकॉल हिशेबाने घालून मिश्रण जुळवावे, इंजिन चालवून ते एकजीव होऊ द्यावे, आणि मगच थेंबभर काढून मोजावे. रिफ्रॅक्टोमीटरवर एथिलीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, तेव्हा योग्य पट्टी वाचली जात आहे ना, हेही पाहावे. घनता मोजणारी, तरंगत्या गोळ्यांची स्वस्त पिचकारी एथिलीनसाठी बनवलेली असेल, तर प्रोपिलीनच्या बाबतीत ती चुकीचे उत्तर देते.

गोठणबिंदू ठीक असला म्हणजे कूलंट ठीक आहे, असेही नाही. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, पण त्यातली गंजरोधक द्रव्ये हळूहळू संपतात. म्हणून बदलण्याची मुदत प्रकारानुसार वेगवेगळी असते, आणि ती गाडी कमी चालली म्हणून पुढे ढकलू नये.

कूलंट भरण्यापेक्षा त्यातली हवा काढण्याचे काम अधिक नाजूक आहे, आणि मला वाटते की या गाडीच्या मालकाने नीट शिकावे असे हेच पहिले काम. मोटारीत इंजिन आणि रेडिएटर जवळजवळ असतात. येथे मात्र कूलंट इंजिनापासून गाडीच्या शेपटीपर्यंत जाऊन परत येतो, आणि वाटेत चढ-उतार असतात. हवेचा फुगा उंच जागी अडकतो, आणि बहुतेक इंजिनांत ही उंच जागा म्हणजे सिलिंडर हेडच असते, जेथे उष्णता सर्वांत जास्त आणि धातूला द्रवाची गरजही सर्वांत जास्त. शिवाय तापमानाचा सेन्सर त्याच फुग्यात उघडा पडला, तर तो द्रवाचे तापमान मोजतच नाही. डॅशबोर्डवरचा आकडा शांत दिसत असताना हेड मात्र जळत असते.

इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडीचा पुढचा किंवा मागचा भाग उचलावा, कारण कोणती बाजू उंच केल्यावर भरण्याचे तोंड सर्वांत वर येते, हे मॉडेलनुसार बदलते. कूलंट सावकाश, थांबत थांबत ओतावा. हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा सोडण्याचा ब्लीड स्क्रू असेल, तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत आणि अखंड धार येईपर्यंत तसाच ठेवावा, मग बंद करावा. होज हातांनी दाबत राहिल्यास अडकलेली हवा पुढे सरकते. यानंतर इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्यावे. थर्मोस्टॅट उघडला की कूलंट प्रथमच टनेलमध्ये शिरतो आणि भरण्याच्या तोंडाशी पातळी एकदम खाली जाते. ती लगेच भरून काढावी. ट्रॅक जमिनीवरून उचललेला असेल तर गाडी मजबूत स्टँडवर असावी आणि मागे कोणी उभे राहू नये, कारण फिरत्या ट्रॅकमधून खडा किंवा स्टड सुटून बंदुकीच्या गोळीसारखा येऊ शकतो.

इंजिन बंद केल्यावर टनेलच्या वरच्या बाजूने पुढून मागे हात फिरवावा. सर्व कूलर सारखेच कोमट लागले, तर प्रवाह सुरळीत आहे. पुढचा भाग गरम आणि मागचा थंडगार लागला, तर मध्ये हवा आहे किंवा मार्ग तुंबला आहे. मला हातांनी केलेली ही परीक्षा कोणत्याही उपकरणाइतकीच विश्वासाची वाटते. पहिल्या फेरीनंतर, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, पातळी पुन्हा एकदा पाहावी. थोडी उतरलेली असते, आणि तेवढे होणे स्वाभाविक आहे. ती दर फेरीनंतर उतरतच राहिली, तर मात्र गळती शोधायला हवी.

गळतीच्या जागा फार नाहीत. कूलंटच्या पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक कूलंट अडवणारे आणि दुसरे तेल अडवणारे, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेतून एक बारीक छिद्र बाहेर निघते. तेथून कूलंट ठिबकू लागला की कूलंट अडवणारे सील गेले, असे समजावे. ते छिद्र बुजवणे हा उपाय नव्हे. तसे केले तर तोच कूलंट तेलाच्या बाजूला वाट शोधील आणि बेअरिंगपर्यंत जाईल. होजच्या सांध्यांची तऱ्हा वेगळी आहे. कडक थंडीत रबर आकसते आणि ताठ होते, स्क्रूने आवळलेला क्लॅम्प मात्र होता तेथेच राहतो. त्यामुळे रात्री शेडमध्ये जमिनीवर थेंब दिसतात, आणि इंजिन गरम झाल्यावर तपासले तर सगळे कोरडे ठणठणीत असते. अशा सांध्यांवर सतत ताण धरून ठेवणारे स्प्रिंगचे क्लॅम्प उपयोगी पडतात. स्क्रूचे क्लॅम्प असतील, तर पहिल्या कडक थंडीनंतर ते एकदा हलकेच आवळावेत. फार आवळले की रबर कापले जाते.

प्रेशर कॅपकडे, म्हणजे कूलंट भरण्याच्या तोंडावरच्या झाकणाकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अनेक गाड्यांत ती सुमारे ०.९ बार, म्हणजे १३ पीएसआय दाबाला उघडते, आणि तेवढ्या दाबामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू बराच वर जातो. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या सुमारास उकळते, दाबाखाली ते त्याहून वीसेक अंश अधिक सहन करते. कॅपचे रबर चिरले किंवा स्प्रिंग थकली, तर ही सवलत नाहीशी होते आणि कूलंट ओव्हरफ्लो बाटलीत जाऊन पडतो. कॅपला उलट दिशेने उघडणारी एक लहान झडपही असते. इंजिन थंड झाल्यावर बाटलीतला कूलंट परत आत ओढून घेण्याचे काम ती करते. बाटली भरत जाते आणि आतली पातळी उतरत जाते, असे दिसले तर हेड उघडण्याआधी कॅप बदलून पाहावी.

कॅप नवी असूनही बाटलीत बुडबुडे येत राहिले, तर मात्र हेडचा सांधा बंद ठेवणाऱ्या ओ-रिंग किंवा गॅस्केटविषयी शंका घ्यावी. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असतील, तर त्यावरची हवा रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवातून ओढून तपासता येते. कार्बन डायऑक्साइडमुळे तो द्रव पिवळा होतो. कूलंट उलट सिलिंडरमध्ये शिरत असेल, तर धुरात गोडसर वास येतो आणि त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग शेजाऱ्यापेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. थंड इंजिनावर हातपंपाने कॅपच्या मर्यादेइतका दाब देऊन काटा उतरतो का, हे पाहिले की बाहेरच्या बारीक गळतीही सापडतात. गळती बुजवण्याची म्हणून विकली जाणारी पावडर किंवा द्रव मी या गाडीत कधीही घालणार नाही. कूलर आणि हेडमधले मार्ग अरुंद असतात, आणि जे द्रव्य भोक बुजवते ते मार्गही बुजवू शकते.

थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तो काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. अनेक टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये थर्मोस्टॅट चाळीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान उघडतो, म्हणजे मोटारीच्या तुलनेत बराच लवकर. त्यामुळे तो असून नसून सारखाच, असे वाटते. परंतु ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापतो आणि लवकर फुगतो. सिलिंडर थंड असताना जोर दिला, तर दोहोंमधले अंतर संपते आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. थंड इंजिन सीझ होणे म्हणतात ते हेच. थर्मोस्टॅट काढला की टनेलमधला बर्फाइतका थंड कूलंट सुरुवातीपासूनच सिलिंडरभोवती फिरतो आणि हा धोका दिवसभर कायम राहतो. चांगल्या रचनेत बायपास असतो. थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट इंजिनातच फिरत राहतो, आणि उघडल्यावरही थंड व गरम प्रवाह मिसळून आत जातात. बायपासचा होज बुजवला गेला असेल किंवा थर्मोस्टॅट झटक्याने पूर्ण उघडत असेल, तर टनेलमधला थंड लोट एकदम गरम सिलिंडरवर येतो, सिलिंडर आकसतो आणि तापलेला पिस्टन आत अडकतो. खोल बर्फात पूर्ण जोर देऊन चढण चढताना हे घडू शकते, कारण तेव्हा इंजिन सर्वांत गरम आणि कूलर सर्वांत थंड असतात. म्हणून सकाळी इंजिन सुरू केल्यावर कूलंटचे तापमान पुस्तिकेतल्या किमान आकड्यापर्यंत चढू द्यावे, आणि त्यानंतरही पहिली काही मिनिटे हलक्या हातानेच चालवावे. थर्मोस्टॅट तपासायचा असेल, तर तो पाण्याच्या भांड्यात तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, शेजारी थर्मामीटर ठेवावा, आणि तो किती अंशांना उघडू लागतो व थंड झाल्यावर पूर्ण मिटतो का, हे पाहावे.

पंख्याने थंड होणाऱ्या गाड्यांत कूलंटचा प्रश्नच नसतो, आणि साध्या कामाच्या गाड्यांत ही रचना आजही दिसते. बेल्टवर फिरणारा पंखा पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणातून हवा सिलिंडरच्या पात्यांवर ढकलतो. बेल्टची चीर आणि ताण पाहावा, जादा बेल्ट सोबत ठेवावा, आणि आवरणाचा एकही तुकडा काढून गाडी चालवू नये, कारण हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि मागच्या बाजूचा सिलिंडर उपाशी राहतो. उन्हाळ्यात या आवरणाखाली उंदीर घरटे करतात. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून हंगामापूर्वी आवरण उघडून पाहणे हे या इंजिनांच्या देखभालीतले मुख्य काम.

इतके करूनही वाटेत तापमानाचा दिवा लागला, तर घाबरून जाऊ नये. स्क्रॅचर खाली आहेत का ते पाहावे, वेग थोडा कमी करावा आणि वाटेच्या कडेच्या भुसभुशीत बर्फात, जागा सुरक्षित असेल तर, गाडी काही अंतर चालवावी. यंत्रणा निर्दोष असेल, तर आकडा थोड्याच वेळात खाली येऊ लागतो. कडेला मऊ बर्फ नसेल, तर इंजिन बंद करून थांबावे आणि हाताने किंवा फावड्याने टनेलमध्ये व वर बर्फ घालावा. तापलेल्या इंजिनावर थेट बर्फ टाकू नये, धातू तडकतो. गरम असताना कॅप उघडू नये, कारण दाब सुटताच आतला कूलंट उकळून अंगावर येतो. मऊ बर्फात जाऊनही आकडा उतरत नसेल, तर दोष आतल्या वाटेवर आहे आणि गाडी तशीच पुढे रेटण्यात अर्थ नाही.

हंगाम संपल्यावर कूलंट काढून यंत्रणा रिकामी ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. ओलसर, हवा लागलेले ॲल्युमिनियम भरलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा लवकर गंजते आणि सील कोरडी पडतात. बदलण्याची मुदत जवळ आली असेल, तर कूलंट उन्हाळ्यापूर्वीच बदलावा, म्हणजे नवी गंजरोधक द्रव्ये बंद काळात काम करतील. काढलेला जुना कूलंट उघड्या भांड्यात क्षणभरही सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. तो घट्ट झाकणाच्या, स्पष्ट नाव लिहिलेल्या डब्यात भरावा, गटारात किंवा मातीत न ओतता वापरलेली रसायने स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा, आणि जमिनीवर सांडलेले थेंब पुसून ती जागा पाण्याने धुवावी.